‘क्वाएट, प्लीज’ : आवाज न चढवता घाबरवणारी अर्ध्या तासाची नाटकं

जुन्या अमेरिकन रेडिओवरच्या भुताखेतांच्या नाटकांपैकी काय ऐकू, असं कोणी विचारलं की मी आधी ‘क्वाएट, प्लीज’चं नाव घेते. ‘सस्पेन्स’ जास्त गाजलं, ‘लाइट्स आउट’चे किस्से जास्त सांगितले जातात, ‘इनर सँक्टम मिस्टरीज’चा करकरणारा दरवाजा तर त्या काळाची खूणच होऊन बसलाय. पण रात्री एकटीनं ऐकायला बसावं आणि मध्येच उठून दिवा लावावासा वाटावा, असं मला ‘क्वाएट, प्लीज’नंच वाटायला लावलं. तेव्हा हे परीक्षण मुख्यतः त्याचं. बाकीच्या मालिका ओघानं येतील.

मी सांगलीत हौशी नाटकांना ध्वनी देते. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की लॅपटॉप आणि क्यूशीट (कोणता आवाज कधी द्यायचा त्याचा कागद) घेऊन भावे नाट्यमंदिरात बसलेली असते. गूढ नाटक असलं की दिग्दर्शकाची यादी तयारच असते: वारा दे, लांबून कुत्रं रडव, दार वाजव, आणि शेवटच्या ब्लॅकआउटला जोरात एक ‘धाड’ दे. ते मी मन लावून देते. प्रेक्षक दचकतात, मग हसतात, आणि पुढच्या मिनिटाला सावरून बसतात. दचकणं आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अंधारात बसून मला दर वेळी दिसतं. भीती कुठून येते ते शोधत शोधत मी श्रुतिकांकडून या अमेरिकन नाटकांकडे गेले. तिथं ज्याला काही दिसतच नाही अशा श्रोत्याला घाबरवायचं होतं, आणि हाताशी होता फक्त आवाज.

थोडी माहिती. ‘क्वाएट, प्लीज’ ८ जून १९४७ ला म्युच्युअल या नेटवर्कवर सुरू झालं, सप्टेंबर १९४८ मध्ये एबीसीवर गेलं आणि २५ जून १९४९ ला संपलं. जेमतेम दोन वर्षं. शंभरावर भाग झाले. सगळं लेखन-दिग्दर्शन विलिस कूपरचं आणि जवळजवळ प्रत्येक भागातला मुख्य आवाज अर्नेस्ट चॅपेलचा. प्रायोजक नव्हता, त्यामुळे मध्ये कोणी साबण किंवा चहा विकायला येत नाही. व्यवसाय म्हणून ही मोठी अडचण असणार. ऐकणाऱ्याची मात्र चैन आहे, कारण नाटक सुरू झालं की शेवटपर्यंत कोणी हात धरून बाहेर ओढत नाही.

सुरुवात अशी होते: चॅपेल म्हणतो, ‘क्वाएट, प्लीज’. मग शांतता. खरीखुरी, हिशेबात धरलेली शांतता. मग तो पुन्हा म्हणतो, ‘क्वाएट, प्लीज’. त्यानंतर सेझार फ्रँकच्या डी मायनर सिम्फनीतल्या दुसऱ्या भागाची सुरावट ऑर्गन आणि पियानोवर येते. ध्वनी देणाऱ्या माणसाला ही शांतता ऐकून अंगावर काटा येतो तो निराळ्याच कारणानं. रेडिओवर शांतता म्हणजे संकट असतं. स्टेशन बंद पडलं की काय, म्हणून श्रोता बटण फिरवायला उठतो. आमच्याकडे नाट्यगृहात दोन सेकंद जास्त पॉज पडला तरी विंगेतून कोणीतरी माझ्याकडे डोळे वटारून बघतं. कूपरनं ती जोखीम दर आठवड्याला, कार्यक्रमाच्या पहिल्याच मिनिटात घेतली. बटणाकडे जाणारा हात थांबतो, आणि माणूस कान देऊन ऐकायला लागतो.

आता ज्या भागामुळे या मालिकेचं नाव टिकून राहिलंय त्याबद्दल. ‘द थिंग ऑन द फोर्बल बोर्ड’, प्रसारण ९ ऑगस्ट १९४८. तेलविहिरीवर काम केलेला एक माणूस, त्याला सगळे पोर्की म्हणतात, आपल्या घरी आलेल्या पाहुण्याशी बोलतोय. तरुणपणी विहिरीवर कामगार होता तेव्हाची गोष्ट. पहिली काही मिनिटं तर तो निव्वळ कामाबद्दल बोलतो. डेरिक, म्हणजे विहिरीवरचा उंच सांगाडा, कसा असतो, जमिनीतून पाइप वर कसे ओढतात, चार पाइप एकाला एक जोडलेले असले की त्याला फोर्बल म्हणतात, आणि ते उभे रचताना वर जिथं एक माणूस उभा राहतो ती अरुंद फळी म्हणजे फोर्बल बोर्ड. कुठंही घाई नाही. हा माणूस काहीतरी भयंकर सांगणार आहे याचा मागमूस नाही. त्याला आपल्या जुन्या कामाचा अभिमान आहे, एवढंच कळतं.

मग एका रात्री विहिरीवर तो आणि भूगर्भतज्ज्ञ बिली ग्रुएनवाल्ड असे दोघंच असतात. खूप खोलवरून खडकाचा नमुना वर आलेला असतो. त्या खडकात एक अंगठी निघते. सोन्याची, घडवलेली अंगठी, जिथं माणूस कधी पोचलेलाच नाही इतक्या खोलवरच्या दगडात. आणि अंगठीसोबत एक बोट. दगडी बोट. त्याच्यावरचा चिखल पुसला की ते दिसेनासं होतं, पण हाताला लागत राहतं.

पुढचं मी सांगणार नाही. पण इथं कूपरनं काय केलंय ते पाहा. त्यानं अदृश्य वस्तू निवडली. रंगमंचावर अदृश्य काही दाखवायचं म्हटलं की आमची फजिती होते. नट हवेत हात फिरवतो आणि शेवटच्या रांगेतून खुसखुस ऐकू येते. रेडिओवर तर सगळंच अदृश्य. पोर्कीला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही, त्याच्या बोटांना जे लागतं ते आपल्या बोटांना लागल्यासारखं वाटतं, आणि नट व श्रोता एकाच अंधारात येऊन उभे राहतात. नंतर वर, त्या फळीवरून, एक आवाज येतो. लहान मुलाच्या रडण्यासारखा, तरी मुलाचा नाही. तो सेसिल रॉय या अभिनेत्रीनं काढलाय, जिचा आवाज कार्टूनमधल्या लहान मुलांसाठी वापरला जायचा. तो आवाज मी हेडफोनवर पुन्हा पुन्हा लावून ऐकला. त्यात राग नाही, गुरगुर नाही. त्यात भूक आहे आणि एकटेपणा आहे. राक्षसाची कीव यावी आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटावं, हे दोन्ही त्या हुंदक्यासारख्या आवाजानं एकाच श्वासात साधलंय.

आणि या नाटकाची खरी कळ पहिल्या वाक्यापासून आपल्यासमोर असते. पोर्की कोणाशी बोलतोय? पाहुण्याशी. पाहुणा एकदाही बोलत नाही. मग तो कोण? रेडिओसमोर जो बसलाय तो. कूपरच्या नाटकात आपण चोरून ऐकणारे नसतो, आपल्याला घरात बोलावून खुर्ची दिलेली असते. शेवटच्या दोन मिनिटांत त्या खुर्चीचा अर्थ लागतो, तेव्हा मी खरोखर मागे वळून पाहिलं.

माझ्या मते ही अख्खी मालिका याच एका गोष्टीवर उभी आहे. भीती वस्तूत नाही, भुतात नाही, ती सांगणाऱ्याच्या तुमच्याशी असलेल्या नात्यात आहे. चॅपेल मूळचा निवेदक. अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘कॅम्पबेल प्लेहाउस’ या रेडिओ मालिकेचा निवेदक म्हणून त्याचा आवाज लोकांना माहीत होता. त्याला रडायचं, ओरडायचं, आवाज थरथरवायचा सोस नाही. तो वाक्य अर्धवट सोडतो. ‘म्हणजे कसं सांगू’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. एखादा शब्द शोधायला थांबतो आणि तो सापडल्यावर जरा संकोचून बोलतो. आपल्याकडे गावातल्या एखाद्या वयस्क माणसानं खरीच घडलेली गोष्ट सांगावी आणि त्याचा विश्वास बसलाय की नाही हे त्याच्याकडे बघून ठरवता येऊ नये, तसा तो सूर. प्रत्येक भागाच्या शेवटी सांगतात की तुमच्याशी जो माणूस बोलला तो अर्नेस्ट चॅपेल होता. ‘तुमच्याशी बोलला’ हा त्यांचाच शब्दप्रयोग आहे, आणि तो फार विचारपूर्वक निवडलेला आहे. त्यानंतर कूपर स्वतः येऊन पुढच्या आठवड्याच्या गोष्टीची चाहूल देतो.

कूपर हा नवखा नव्हता. जन्म १८९९ चा, इलिनॉयमधल्या पेकिन गावचा. १९३४ च्या जानेवारीत शिकागोच्या डब्ल्यूईएनआर स्टेशनवर त्यानं मध्यरात्रीचं ‘लाइट्स आउट’ सुरू केलं. मुलं झोपल्यावर, घरातले दिवे मालवल्यावर ऐकायचं, अशी कल्पना. पुढच्या वर्षी ते एनबीसीवरून देशभर गेलं. १९३६ मध्ये तो हॉलिवुडला गेला (‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ची पटकथा त्याची) आणि मालिका आर्च ओबोलर या लेखकाच्या हाती आली. ओबोलरचं ‘लाइट्स आउट’ म्हणजे ध्वनीच्या माणसासाठी पाठ्यपुस्तक. हाडं मोडायची तर बरगड्यांचं मांस आणून ती पान्यानं मोडायची. ‘द डार्क’ या नाटकात माणसाचं शरीर आतून बाहेर उलटतं. त्यासाठी भिजवलेला रबरी हातमोजा उलटा करायचा आणि त्याच वेळी फळांची लाकडी पाटी चुरडायची. मी हे घरी करून पाहिलं, पाटीऐवजी स्ट्रॉबेरीचा पातळ खोका घेऊन. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर माझ्या भावानं ते बंद करायला लावलं.

पण ओबोलरचे भाग एकामागून एक ऐकले की दमायला होतं. कल्पना जबरदस्त असते, आणि पात्रं ती कल्पना गळा काढून समजावून सांगत राहतात. कोंबडीच्या हृदयाचा तुकडा वाढत वाढत शहर गिळतो ती गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली ती कल्पनेमुळे. त्यात कोण होतं ते कोणाला आठवत नाही. कूपरच्या मूळ ‘लाइट्स आउट’चं ध्वनिमुद्रण जवळजवळ काहीच उरलेलं नाही. त्या रक्तरंजित दिवसांनंतर दहा-अकरा वर्षांनी हाच माणूस ‘क्वाएट, प्लीज’ घेऊन येतो आणि त्यातून सगळा रक्तपात काढून टाकतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला ते जमत नव्हतं म्हणून त्यानं सोडलं असं नाही. ते करून झाल्यावर सोडलं.

‘सस्पेन्स’बद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. सीबीएसवर १९४२ ते १९६२, वीस वर्षं चाललेली मालिका. ३० सप्टेंबर १९६२ ला तिचा शेवटचा भाग झाला, आणि अमेरिकन रेडिओनाट्याचं सुवर्णयुग त्या दिवशी संपलं असं मानतात. मात्र नाव वाचून भुतं शोधायला जाल तर हाती कमी लागेल. बहुतेक गोष्टी खून, ब्लॅकमेल आणि अडकलेल्या माणसांच्या. अगदी गाजलेलं ‘सॉरी, राँग नंबर’ही (२५ मे १९४३, मुख्य भूमिकेत अ‍ॅग्नेस मूरहेड) भुताचं नाही. पण अधूनमधून त्यांनी अमानवी वाट धरली, तेव्हा कमाल केली.

‘द हिच-हायकर’ हे ल्युसिल फ्लेचरचं नाटक. ऑर्सन वेल्सनं ते आधी १९४१ मध्ये आपल्या कार्यक्रमात केलं आणि २ सप्टेंबर १९४२ ला ‘सस्पेन्स’वर. फ्लेचर आणि तिचा नवरा, संगीतकार बर्नार्ड हरमन, गाडीनं देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते. ब्रुकलिन पुलावर एक विचित्र माणूस दिसला आणि थोड्या वेळानं पुढे पुलास्की स्कायवेवर तोच पुन्हा दिसला. एवढ्यावरून तिनं नाटक लिहिलं. संगीत हरमनचंच, तोच ज्यानं पुढे ‘सायको’ या चित्रपटाला संगीत दिलं. रॉनल्ड अ‍ॅडम्स ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियाला निघतो. पुलावर एक किरकोळ अंगाचा माणूस लिफ्ट मागत उभा असतो. खांद्यांवर पावसाचे ताजे थेंब. पाऊस कुठंच नाही. पुढे शेकडो मैल तोच माणूस, कायम याच्या आधी पोचलेला.

त्यातला एक प्रसंग मी तालमीत कितीतरी जणांना ऐकवलाय. न्यू मेक्सिकोत गॅलपजवळून तो घरी आईला ट्रंककॉल लावतो. ऑपरेटर सांगते, ३ डॉलर ८५ सेंट. आधी दीड डॉलर टाका. नाणी पडतात. सावकाश, एकेक. आता आणखी दीड. पुन्हा नाणी. आता उरलेले ८५ सेंट. कुठलंही भुताटकीचं संगीत नाही, नुसती नाणी आणि एका बाईचा कामकाजी आवाज. ज्यांनी एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळताना बघत घरच्या फोनची रिंग ऐकलीय त्यांना ही वाट पाहण्यातली तगमग वेगळी सांगायला नको. त्या नाण्यांनी आपला श्वास अडकतो, आणि मग पलीकडून कोणीतरी फोन उचलतं. कोण उचलतं आणि काय सांगतं, ते ऐका.

दुसरं, ‘द हाउस इन सायप्रस कॅन्यन’. ५ डिसेंबर १९४६, लेखक रॉबर्ट रिचर्ड्स, निर्माता विल्यम स्पीयर, मुख्य भूमिकांत रॉबर्ट टेलर आणि कॅथी लुइस. युद्ध नुकतंच संपलंय, लॉस एंजेलिसमध्ये भाड्यानं घर मिळणं मुश्कील. एका जोडप्याला घर मिळतं, आणि रात्री बाहेरून एक आरोळी ऐकू येते. घरात एक कपाट आहे, ते उघडत नाही. त्याच्या दाराखालून काहीतरी ओघळत येतं. सगळी हकीकत एका हस्तलिखितात आहे, आणि ते हस्तलिखित घर अर्धवट बांधलेलं असतानाच सापडलेलं आहे. म्हणजे ज्या घरात हे घडलं ते अजून उभंच नव्हतं. नाटक संपल्यावर ही गाठ सोडवत मी बराच वेळ बसले होते, आणि ती सुटत नाही हेच तिचं सौंदर्य. मध्ये रोमा वाइनची जाहिरात येते, ती सहन करावी लागते.

‘इनर सँक्टम’ मला आवडत नाही. हिमन ब्राउननं १९४१ मध्ये सुरू केलेली ही मालिका तेव्हा प्रचंड चालली. तो करकरणारा दरवाजा म्हणून ऐकू येणारा आवाज एका खुर्चीचा होता, ही युक्ती छानच. पण सूत्रधार रेमंड प्रेतांवर कोट्या करत राहतो, ऑर्गन प्रत्येक वाक्यामागे धावतो, आणि भूत वाटलेलं शेवटी बहुतेक वेळा कोणाचं तरी कारस्थान निघतं. अर्धा तास भुतावर विश्वास ठेवायला लावून शेवटच्या मिनिटाला तो परत घेणं, हा श्रोत्याचा विश्वासघात वाटतो मला.

आता वापरायच्या दृष्टीनं. ही नाटकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकता येतात आणि उतरवूनही घेता येतात. जुन्या रेडिओच्या अभ्यासकांनी आणि हौशी मंडळींनी तारखेनिशी लावलेले संग्रह आहेत. एकाच भागाच्या दोन-तीन प्रती असतील तर प्रत्येकीची पहिली दोन मिनिटं ऐका आणि सगळ्यात स्वच्छ ती ठेवा. फाइल मोठी म्हणजे आवाज चांगला, असं समजू नका.

‘क्वाएट, प्लीज’च्या ध्वनिमुद्रणाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं: ते बऱ्याच भागांत वाईट आहे. काही ठिकाणी सुसाट खरखर, काही ठिकाणी आवाज भांड्यातून आल्यासारखा दबलेला, काही भाग तर उरलेलेच नाहीत, त्यांची फक्त संहिता आहे. ‘सस्पेन्स’ त्या मानानं लख्ख. हे कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे, आणि त्या वेळी तबकड्यांवर कोणी मुद्रण करून ठेवलं, कोणाच्या घरी ते तगलं, यावर आज काय ऐकायला मिळतं ते ठरलं. ‘फोर्बल बोर्ड’ सुदैवानं ऐकण्याजोग्या अवस्थेत आहे. खरखर काढायचं सॉफ्टवेअर लावून मी एक भाग साफ करून पाहिला, तर चॅपेलचे श्वासही पुसले गेले आणि तो माणूस खोलीतून निघून गेल्यासारखा झाला. तेव्हा खरखरीसकट ऐका. साधे, कानावर बसणारे हेडफोन बरे. कानात घालायच्या इअरफोनवर ऑर्गन फार टोचतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, त्यात शांतता ऐकू येत नाही.

भाषेचं काय? इंग्रजी चाळीसच्या दशकातलं, बोलीतलं, आणि तेलविहिरीवरचा कामगार बोलतो तेव्हा अर्धे शब्द निसटतात. सुरुवातीला मलाही कष्ट पडले. ‘क्वाएट, प्लीज’च्या बऱ्याच संहिता ऑनलाइन वाचायला मिळतात. पण आधी वाचून मग ऐकू नका. आधी ऐका, निसटलं ते निसटू द्या, मग संहिता वाचा आणि पुन्हा ऐका. चॅपेल सावकाश बोलतो, म्हणून या मालिकेपासून सुरुवात करणं आपल्याला सोपंही पडतं. वेल्सचा वेग एकदम झेपत नाही.

तक्रारी आहेत. दर आठवड्याला एकच माणूस लिहितोय हे जाणवतं. काही भाग कल्पनेच्या उंबरठ्यावर थांबतात आणि संगीत येऊन ते संपवून टाकतं. बायकांच्या भूमिका कित्येकदा कटकट करणारी बायको किंवा मोहात पाडणारी अनोळखी स्त्री एवढ्याच. इजिप्त किंवा पूर्वेकडचं काही आलं की गूढ धूप आणि शाप हे ठरलेलं. आपण ‘पूर्वेकडचे’ असल्यानं ते जास्त खुपतं. ‘सस्पेन्स’मध्ये मूरहेड आणि कॅथी लुइस यांना जितकं करायला मिळालं, तितकं कूपरनं कोणत्याही अभिनेत्रीला दिलेलं मला सापडलं नाही, सेसिल रॉयचा तो शब्दांवाचूनचा आवाज सोडला तर.

पण चांगले भाग इतके चांगले आहेत की हे सगळं पत्करावं. ‘नथिंग बिहाइंड द डोअर’ हा पहिलाच भाग घ्या. बँक लुटलेली मंडळी माउंट विल्सनच्या वेधशाळेजवळ एका छोट्या खोपटाच्या दारापाशी येतात, लूट आत लपवायची असते, आणि दारामागे काही नसतं. रिकामी खोली नव्हे. काहीच नाही. ‘नॉर्दर्न लाइट्स’ (३० जानेवारी १९४९) मध्ये प्रयोगशाळेतल्या यंत्रातून गेलेली वस्तू परत येते ती गारठून, आणि तिच्यासोबत केसाळ सुरवंट येतात. सुरवंट! हे कागदावर वाचून कोणी घाबरणार नाही. चॅपेल बोलायला लागला की घाबरतो माणूस, कारण तो बोलणाराच हळूहळू बदलत जातो आणि ते त्याच्या लक्षात येण्याआधी आपल्या लक्षात येतं.

कुठून सुरुवात करावी, तर ‘नथिंग बिहाइंड द डोअर’, मग ‘नॉर्दर्न लाइट्स’, आणि कूपरची चाल कळली की ‘फोर्बल बोर्ड’. लोक थेट ‘फोर्बल बोर्ड’ सुचवतात, पण चॅपेलच्या आवाजाची सवय झाल्यावर, त्याच्यावर भरवसा बसल्यावर, त्या शेवटाचा घाव जास्त खोल बसतो. त्यानंतर ‘हिच-हायकर’ आणि ‘सायप्रस कॅन्यन’. एका रात्री एकच. हौशी नाटकवाल्यांनी, त्यातही एकांकिका लिहिणाऱ्यांनी, तर नक्की ऐकावं. आमच्या पुढच्या एकांकिकेच्या तालमीत पहिल्या दिवशी मी सगळ्यांना हॉलचे दिवे घालवून ‘फोर्बल बोर्ड’ ऐकवणार आहे, आणि दिग्दर्शकाकडून ध्वनीची यादी त्यानंतरच घेणार आहे.